प्रत कोणती?

(सुलतान बाजार, हैदराबाद येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या गुरुजींची आणि माझी ओळख एका पोस्टकार्डाने झाली. मी तेव्हा नुकतीच लिहू लागले होते. ज्ञानेश्वरीतल्या एका शब्दरूपावरून तेराव्या शतकातल्या मराठीबद्दल एक निष्कर्ष काढून मी लेख छापून आणला होता. ओवी घेतली होती संगणकावर सापडलेल्या एका फाईलमधून. आठ दिवसांनी कार्ड आलं. मायना, तारीख, सही आणि मधे एकच ओळ : ‘लेख वाचला. प्रत कोणती?’

मला उत्तर देता येईना. फाईल पुन्हा उघडली, तर मुखपृष्ठच नव्हतं. चार दिवस धुंडाळल्यावर कळलं की तो पाठ नित्यपाठासाठी छापलेल्या एका अलीकडच्या पोथीचा आहे, आणि ज्या रूपावर मी इमला उभा केला होता ते रूप छापणाऱ्याने वाचकांच्या सोयीसाठी सोपं करून घेतलेलं आहे. तेराव्या शतकाचा पुरावा म्हणून मी विसाव्या शतकातला छापखाना पुढे केला होता. दोष फाईलचा नव्हता, माझाच होता.

आज मध्ययुगीन साधनं, म्हणजे साधारण बाराव्या ते सतराव्या शतकातले ग्रंथ, ताम्रपट, बखरी, फारसी तवारिखा, घरबसल्या मिळतात. ती कुठे मिळतात हे सांगेनच. पण त्याआधी आणि त्यानंतरही मला गुरुजींचा तोच प्रश्न विचारायचा आहे.

हा प्रश्न विचारायला सुलतान बाजाराइतकी योग्य जागा नाही. हा भाग पूर्वी रेसिडेन्सी बाजार होता. पलीकडे कोठीत इंग्रज रेसिडेंटाचा वाडा, म्हणून बाजारावर अंमल रेसिडेन्सीचा. १९३३ साली तो निजामाकडे परत आला आणि सुलतान बाजार झाला. निजामाच्या मुलखात सभा-संस्थांवर बंधनं असत. या हद्दीत थोडी मोकळीक होती. म्हणून तेलुगू भाषकांचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम १९०१ साली इथे उभं राहिलं. शेजारच्या इसामिया बाजारात आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, जांबागेत १९०७ पासूनची विवेकवर्धिनी आहे. आणि कोठीच्या फुटपाथवरची जुन्या पुस्तकांची दुकानं! तिथे ग्रंथसूची नसते. ढीग असतो, आणि ज्याला काय शोधायचंय ते ठाऊक असतं त्यालाच ढिगात पुस्तक दिसतं. संगणकाच्या पडद्यावरचं ग्रंथालय याच फुटपाथसारखं आहे, फक्त ढीग लाखांचा आहे.

त्या ढिगातला मोठा हिस्सा आपल्याच शहरातून गेला, हे फार जणांना माहीत नसतं. या शतकाच्या सुरुवातीला संगणकशास्त्रज्ञ राज रेड्डी यांच्या पुढाकाराने दहा लाख पुस्तकांचा प्रकल्प सुरू झाला. अमेरिकेतलं कार्नेगी मेलन विद्यापीठ, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि हैदराबादची ट्रिपल आयटी त्यात होत्या. उस्मानिया विद्यापीठाच्या ग्रंथालयातली पुस्तकं त्यात स्कॅन झाली. पुढे ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चं मूळ संकेतस्थळ बंद झालं, पण त्यातली सुमारे साडेपाच लाख पुस्तकं ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर उतरवून ठेवलेली आहेत. वि. का. राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चे खंड, कोरीव लेख छापणाऱ्या ‘एपिग्राफिया इंडिका’चे अंक, महानुभाव पंथाचे छापील ग्रंथ, सारं तिथे मिळतं.

मिळतं, पण सहज नाही. पुस्तकांची नावं रोमन लिपीत चढवताना एक विचित्र पद्धत वापरली गेली. ‘ठ’ लिहायचा तर टी, मग वर एक स्वल्पचिन्ह, मग एच. दीर्घ ‘ई’साठी दोन आय. शिवाय नोंद करणाऱ्या मुलामुलींना मराठी येत होतंच असं नाही. म्हणून ‘लीळाचरित्र’ शोधताना ळ आणि ल, ऱ्हस्व आणि दीर्घ, देवनागरी आणि रोमन, सगळे पर्याय घालून बघावे लागतात. नावाने नाही मिळालं तर संपादकाच्या नावाने शोधावं, तेही नाही तर छापखान्याच्या नावाने. पुस्तकाच्या आतला मजकूर शोधायला गेलं तर यंत्राची नजर अधू असते. जुन्या छपाईतला ‘भ’ त्याला ‘म’ वाटतो आणि ‘घ’ला ते ‘ध’ म्हणतं. लीळाचरित्रकार ‘म्हाइंभट’ शोधणाऱ्याने ‘म्हाइंमट’ही शोधून बघावा. शब्द सापडला नाही म्हणजे पुस्तकात नाही, असं समजू नये.

आता उस्मानियातून आलेली एखादी फाईल उघडा. मजकूर सुरू होण्याआधी एक काळपट पान लागतं, त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत सूचना असते. कधी ‘बांधणी घट्ट’, कधी ‘आतली पानं गहाळ’, कधी नुसतं ‘पुस्तक खराब’. एक सूचना मला विसरता येत नाही : ‘पुस्तक भिजलेलं होतं’. मग ग्रंथालयाची चिठ्ठी : वर्गांक, दाखल क्रमांक, लेखक, आणि पुस्तक अमुक तारखेपर्यंत परत करावं ही विनंती. आपण घाईने हे सगळं ओलांडून पुढे जातो. गुरुजी जात नसत. जुन्या पोथीच्या शेवटी लेखनिक लिहून ठेवतो की पाठ मोडली, मान वाकली, जसं समोर दिसलं तसं लिहिलं, चुकलं असेल तर मला दोष देऊ नका. मग शक, तिथी, गाव आणि पोथी कोणासाठी लिहिली ते. याला पुष्पिका म्हणतात. ‘पुस्तक भिजलेलं होतं’ ही तर आपल्या काळातली पुष्पिकाच! स्कॅनरपाशी बसलेला तो कोणी मुलगा हा लेखनिकांच्या रांगेतला शेवटचा लेखनिक, आणि पडद्यावरची फाईल म्हणजे ग्रंथ नव्हे, ग्रंथाची सर्वांत अलीकडची प्रत. तिच्यातही पान सुटतं, समास कापला जातो, एखाद्या ओळीवर अंगठा येतो.

हे नीट समजायला आपल्या मराठवाड्याशी नातं असलेलीच दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं ज्ञानेश्वरीचं. शके १२१२, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ग्रंथ पुरा झाला. तीनशे वर्षांत नकला होत होत पाठ बिघडले, म्हणून पैठणच्या एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये पाठ शुद्ध केला. आपण पिढ्यान् पिढ्या वाचतो ती बहुधा ही नाथांची ज्ञानेश्वरी. नाथांना नकलाकारांच्या हाताची इतकी धास्ती होती, की यात कोणी आपल्या ओव्या घुसडू नयेत अशी ताकीद त्यांनी देऊन ठेवली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांना बीडजवळच्या पाटांगणला, म्हणजे तेव्हाच्या निजामी मुलखात, एक पोथी सापडली. ती एकनाथपूर्व आहे असं म्हणत त्यांनी १९०९ साली ती धुळ्याहून छापली आणि तिच्यातल्या भाषेचं व्याकरणही लिहिलं. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. म्हणजे तिच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते राजवाड्यांच्या डोळ्यांनी. १९६० साली सरकारने पंडितांकडून आणखी एक प्रत सिद्ध करून घेतली. या सगळ्या ‘ज्ञानेश्वरी’ या एकाच नावाखाली संगणकावर नांदतात. भक्ताला त्याने काही फरक पडत नाही, पडूही नये. पण एखादं क्रियापद तेराव्या शतकातलं आहे असं म्हणणाऱ्याला पडतो, कारण प्रत बदलली की क्रियापद बदलतं.

दुसरं लीळाचरित्राचं. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी माणसामाणसाकडे जाऊन, विचारून, पारखून तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या. महानुभाव परंपरा सांगते की मूळ पोथी पुढे परचक्राच्या धाडीत गेली आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या आठवणीतून पुन्हा उभी करावी लागली. म्हणून एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ झाले. पण त्या मंडळींनी काय केलं पाहा. एक पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. अमक्याची आठवण अशी, तमक्याची तशी, असं नावानिशी नोंदवून ठेवलं. या वेगळ्या पाठाला ते ‘वासना’ म्हणत. पाठभेद तळटीपेत द्यायला आपण युरोपीय पंडितांकडून शिकलो असं पुष्कळांना वाटतं. आपल्याकडे मात्र सातशे वर्षांपूर्वीच्या साध्या गद्यात, वऱ्हाड-मराठवाड्यातल्या भिक्षुकांनी ते करून ठेवलं आहे. ‘प्रत कोणती?’ हा प्रश्न मुळात त्यांचाच.

शब्द अडतील, तर दोन कोश हाताशी ठेवा. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. जुन्या मराठीत ओळखीचा शब्दच जास्त फसवतो. तो आपल्याला कळला असं वाटतं आणि आपण पुढे जातो.

आता प्रत बाजूला ठेवून साक्षीकडे येऊ. देवगिरीवर अल्लाउद्दीन खिलजीची पहिली स्वारी कधी झाली? माझ्या शाळेतल्या पुस्तकात १२९४ होतं. संगणकाला विचारलं तर १२९४ही मिळतं आणि १२९६ही. बरेच जण जे साल जास्त वेळा दिसतं ते उचलतात. पण साक्षीदारांची संख्या मोजायची नसते, त्यांची वंशावळ बघायची असते. १२९४चा माग काढत गेलं तर तो बहुतेक वेळा फिरिश्तापाशी पोचतो. फिरिश्ता विजापूरच्या दरबारात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहीत होता, म्हणजे घटनेनंतर तीनशे वर्षांनी. जॉन ब्रिग्जने १८२९ साली त्याचं इंग्रजी केलं, ते सर्वांच्या हाती आलं, आणि त्यातलं साल पुस्तकांपुस्तकांतून फिरत राहिलं. शंभर पुस्तकं ते सांगत असली तरी साक्षीदार एकच.

दुसरा साक्षीदार अमीर खुस्रो. तो त्याच काळातला, दिल्लीच्या दरबारातला. ‘खजाइनुल फुतूह’ या ग्रंथात तो अल्लाउद्दीनच्या मोहिमा सांगतो. हिजरी ६९५च्या रबी-उल-आखरमध्ये उत्तरेतल्या कडा इथून कूच आणि त्याच वर्षी रज्जबमध्ये परत, म्हणजे १२९६चा फेब्रुवारी ते जून. मुहंमद हबीब यांचं १९३१ सालचं इंग्रजी भाषांतर मिळतं. इलियट आणि डाउसन यांनी इंग्रजीत आणलेल्या फारसी तवारिखांच्या तिसऱ्या खंडातही काही भाग आहे. पण ते आठ खंड, १८६७ ते १८७७ मधले, उघडताना सावध असावं. आधीच्या सुलतानांपेक्षा इंग्रजी अंमल किती बरा हे इथल्या लोकांना पटावं, हा हेतू इलियटने लपवलेला नाही, आणि उतारे कुठले घ्यायचे, कुठले गाळायचे ते त्या नजरेने ठरलं. इतिहासकार होडीवालांना त्यांतल्या चुकांवर दोन भाग लिहावे लागले; ते १९३९ आणि १९५७ साली छापले गेले. आजही समाजमाध्यमांवर भांडणाऱ्या दोन्ही बाजू त्याच खंडांतले उतारे एकमेकांवर फेकतात. मागच्या-पुढच्या दोन पानांकडे सहसा कोणी जात नाही.

मग काय, खुस्रो खरा आणि बाकी खोटे? तसंही नाही. खुस्रो दरबारी कवी. तारखेसाठी तो चांगला साक्षीदार, पण धन्याच्या थोरवीसाठी मुळीच नाही. याच्या समोर आपला तिसरा साक्षीदार ठेवा : बीड जिल्ह्यातल्या पुरुषोत्तमपुरीला सापडलेला देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादव याचा ताम्रपट, शके १२३२ म्हणजे १३१० सालचा. वा. वि. मिराशींनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पंचविसाव्या खंडात प्रसिद्ध केला. हा तर पुस्तकही नव्हे, खुद्द राजाची सनद, तांब्यावर कोरलेली. नकलाकार मधे नाही. आणि यात काय दिसतं? देवगिरी दिल्लीची मांडलिक झाल्यावरही रामचंद्रदेव दिग्विजयी आहे. त्याने शत्रूंना जिंकलं, वाराणसी म्लेंच्छांपासून सोडवली. पराभवाचा शब्द नाही. मूळ साधन आहे, समकालीन आहे, अस्सल आहे, आणि तरी ते राजाची प्रशस्ती आहे. जमीन कोणाला दिली, गावाच्या सीमा काय, तिथी कोणती, यासाठी या ताम्रपटासारखा पुरावा नाही. पराक्रमासाठी मात्र खुस्रोला जी चाळणी लावली तीच इथेही लावावी लागते. आपल्या माणसाला सूट द्यायची नाही.

फारसी न येणाऱ्यांनी काय करायचं? आपल्याकडे सेतुमाधवराव पगडी होऊन गेले. निलंग्याचे, हैदराबादच्या मुलकी सेवेतले. त्यांनी भीमसेन सक्सेनाची तवारीख, साकी मुस्तैदखानाचा ‘मासिर-ए-आलमगिरी’, मोगल दरबारची बातमीपत्रं थेट फारसीतून मराठीत आणली. इंग्रजीच्या दारातून जावं लागलं नाही. शाहजहानच्या काळातले दख्खनचे निवडक कागद इथल्या दफ्तर-ए-दिवानी या सरकारी दप्तरखान्याने १९५० साली यूसुफ हुसेन खानांच्या संपादनाखाली छापले. त्यांचे मूळ कागद तारनाक्याच्या अभिलेखागारात आहेत, इथून बसने जाता येईल इतक्या अंतरावर. पडद्यावर अडलात तर बस धरा. फोटोत शाईचा रंग दिसतो, पण कागद उजेडात धरून पाहता येत नाही.

सालांचंही एक गणित पाठ करून ठेवा. शकात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन. मोडी कागदावर अरबी संख्यावाचक शब्दांत शुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६००. आणि फसलीत ५९० किंवा ५९१. फसली तर आपल्या घरचीच. हैदराबाद संस्थान भारतात विलीन करणाऱ्या पोलीस अॅक्शनच्या साली जन्मलेल्यांच्या दाखल्यावर १३५७ फसली असतं आणि महिना आजूर, बहमन नाहीतर खुर्दाद. आपल्या आजोबांना तीन कालगणना एकदम सांभाळता येत. हिजरी वर्ष मात्र चांद्र, सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून तिथे ठरावीक आकडा मिळवून चालत नाही, कोष्टक बघावं लागतं. एका वर्षाच्या चुका बहुतेक इथेच होतात.

अशी साधनं एका जागी मांडण्याचा एक नमुना सांगते. १९९६ साली न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात पॉल हॉलसॉल या अभ्यासकाने युरोपच्या मध्ययुगातली साधनं विद्यार्थ्यांसाठी संगणकावर एकत्र मांडली. बहुतेक उतारे जुन्या, हक्क संपलेल्या भाषांतरांतले. सगळ्या मर्यादा मान्य करूनही, जगभरच्या शिक्षकांना त्याचा उपयोग झाला, कारण उतारा कुठल्या पुस्तकातून घेतला ते खाली लिहिलेलं असे. मराठीत असं एक ‘साधनपुस्तक’ करायला काय हवं? देवगिरीचे हे तीन साक्षीदार एका पानावर, मराठीत, प्रत्येकाच्या खाली त्याची वंशावळ. नववीतल्या मुलाला तेवढ्याने कळेल की इतिहास कसा ठरतो. पैसा फार लागत नाही. चार माणसांचे शनिवार लागतात.

अलीकडे विद्यार्थी मला सांगतात, बाई, आता शोधायचीही गरज नाही, यंत्राला विचारलं की ते सरळ उत्तर देतं. देतं खरं. छान मराठीत देतं. पण ‘प्रत कोणती?’ असं उलट विचारून बघा. त्याने नाव सांगितलं तर ते पुस्तक उघडा, पान काढा, ओळ वाचा. तिथे ती ओळ असेल तर उत्तम. नसेल तर उत्तर कितीही गोड असो, ती ऐकीव गोष्ट.

आता एक काम आपल्या घरातलं. या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांची मुळं नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबादेत आहेत. कोणाच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल असतील, कोणाच्या देवघरात लाल कापडात बांधलेली पोथी असेल. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे. पण ते कागद आधी टिपले तर गेले पाहिजेत! हल्लीच्या फोनने ते होतं. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, कडेला पट्टी ठेवून, कोरी पानंसुद्धा न सोडता. कागदांचा क्रम बदलू नका; तो ज्याने बांधला त्याला काही ठाऊक होतं. समासातलं हळदीचं बोट, वाळवीचं भोक, कोणा पणजीने मागे लिहिलेला दुधाचा हिशेब, सगळं येऊ द्या.

आणि पहिलं चित्र पोथीचं नको. एका कोऱ्या कागदावर आपल्या हाताने लिहा : ही पोथी कुठल्या गावची, कोणाकडून कोणाकडे आली, किती पानं आहेत, कुठली नाहीत, आज तारीख काय, टिपणारा कोण. भिजलेली असेल तर तसं लिहा. हा कागद आधी टिपा, मग पोथी.

गुरुजींचं ते पोस्टकार्ड माझ्याकडे आहे. त्यांना मी उत्तर पाठवलं होतं, दोन महिन्यांनी, चूक कबूल करून, प्रतीचं नाव, संपादक आणि साल लिहून. त्यावर त्यांचं दुसरं कार्ड आलं : ‘आता लेख पुन्हा लिहा.’ मी लिहिला. पहिल्यापेक्षा लहान झाला, निष्कर्षही लहान झाला. पण त्यातलं एकही वाक्य आजवर मागे घ्यावं लागलेलं नाही.